स्केपाच्या कपाळावरचं कुंकू

चाकूर, १४ जुलै २०२५

पहिली आली ती शेजारची तारामती. पुडकं अजून पुरतं फोडलं न्हवतं, सुतळीची गाठ दातानं सोडवत बसले होते, तर ही उंबऱ्यात उभी. म्हणे, पंचफुलाबाई, नांदेडच्या गाडीचा कंडक्टर तुमचं घर विचारत होता, काय आलं? मी म्हणलं, नातीनं धाडलंय, बस. ती ज्वारीची चाळणी मागायला आली होती. चाळणी अजून इथंच हाय, यावरून समज काय झालं असंल.

विशाखे, जयभीम लिहायचा राहिला, तो इथं घे. तुझी तब्येत बरी असंल. माझे गुडघे हायत तसे हायत.

तर चित्र निघालं. एवढी मोठी बाई, काळी, अंगभर चांदण्या, मांडीवर ते तुझं आभाळातलं जहाज काडीपेटीएवढं. हात किती दिलेत गं? मी मोजले तर सतरा, तारामतीनं मोजले तर एकोणीस. ती देवळातून येत होती, बोटाला कुंकू होतंच. मी चष्मा पुसेपर्यंत तिनं सरळ बाईच्या कपाळाला लावलं आन हात जोडले. म्हणती, नांदेडहून आली म्हणजे माहूरचीच असंल. मी म्हणलं, न्हाई बाई, ग्रीकची हाय. तर म्हणती, ते कुण्या तालुक्यात येतं? मला हसू आवरंना. मग ती बी हसली, पण हात जोडलेलेच होते.

आता तू म्हणशील पुसून टाक, प्लास्टिक चढवलेलं हाय. ते खरं. पण बाई कुणाची का असंना, तिच्या कपाळाचं कुंकू मला पुसवंना. तुझे आजोबा गेले तवा चौघीजणी आल्या होत्या माझं पुसायला. मी म्हणलं माझं मी बघते, तुम्ही चहा घ्या. तवापासून हे काम माझ्या हातून होत न्हाई. म्हणून कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवली कुंकवासकट. कॅलेंडर दाराला गेलं.

तू पाठवलेली तुझ्या गोष्टीची वही रोज मोठ्यानं वाचून राहिले. कोंबड्या ऐकतात. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं, आन भादव्याच्या पौर्णिमेला वाचायचा नंबर माझा हाय, हे तुला सांगितलं का? तीनदा सांगितलं असंल, चौथ्यांदा ऐक. त्रेसष्टाव्या वर्षी साक्षरता वर्गात पाटी घेतली मी, तू आन तुझा भाऊ नागसेन शाळेत जायचा तवा. चार वर्षं झाली नंबर मागून राहिले. दरवेळी शिकलेल्या सुना पुढं होतात आन आम्ही मागं बसून साधू साधू म्हणतो. यंदा सरजाबाईनं स्वतः यादीत नाव घातलं. मंडळाची अध्यक्ष ती, तिनं घातलं म्हणजे दगडावरची रेघ.

वहीतलं एक पटलं न्हाई. तो क्रोनस कप्तान स्वतःची लेकरं बर्फाच्या खोलीत कोंडतो, का तर त्यातलं एखादं मोठं होऊन जहाज हिसकावील. बरं. त्यांची आई तवा काय करत होती? आन तुझी स्केपा, ही चित्रातली, आभाळ न्हवतं तवाची, सगळ्यांत जुनी, ती नुसती बघत बसली. एवढे हात, आन एक बी कामाला न्हाई. असली सून आमच्या सासूला मिळाली असती तर दुसऱ्या दिवशी माहेरी.

तुझी आजी
पंचफुला

नांदेड, २१ जुलै २०२५

प्रिय आजे, जयभीम.

हात पंधरा आहेत. तुझी आणि तारामतीकाकूंची, दोघींचीही उजळणी कच्ची आहे.

काकूंना सांग, ग्रीक हा तालुका नाही, समुद्रापलीकडचे लोक आहेत. त्यांच्या पूर्वजांनी गोष्टी रचल्या होत्या. आधी नुसती पोकळी, मग धरणी, मग आभाळ, मग त्यांची भांडखोर पोरं. मी ती सगळी वरात उचलून एका जहाजात बसवली. त्यांचं ऑलिंपस म्हणजे माझ्या जहाजाचा वरचा मजला, आणि देव म्हणजे तिथले रुबाबदार कर्मचारी. स्केपा मात्र त्यांच्या कुठल्याच गोष्टीत नाही, ती माझी. पोकळीच्या आधी कोण होतं, असं मनात आलं आणि ती सुचली. ते जहाज तिच्याच अंगाचं झालंय. भिंती म्हणजे तिची कातडी. आतल्या कुणालाच ते माहीत नाही.

ती रिकामी बसलीय हे आमच्या सरांनीही सांगितलं. त्यांनी इंग्रजी शब्द वापरले, तू सासू वापरलीस, अर्थ एकच. मग आता तूच सांग, ती काय करत असेल? तुला रिकामं बसलेलं माणूस बघवत नाही, एवढं मला ठाऊक आहे.

आणि फोन करून सांगू नकोस. आपला करार काय ठरलाय? लिहिलंस तर अक्षर सुटेल, मोठ्यानं वाचलंस तर जीभ सुटेल. जीभ तशी सुटलेलीच आहे म्हणा.

एक मात्र ऐक. ते कुंकू पूस. सरजाकाकूंच्या नजरेला पडलं तर त्या पंधरा हातांनी तुला धरतील.

तुझी
विशाखा

चाकूर, ४ ऑगस्ट २०२५

विशाखे, जयभीम.

पत्राला उशीर झाला, घरात पाव्हणेच लई. तारामतीची भावजय औशाहून आली, येताना नारळ घेऊन आली. चित्रापुढं फोडला. नारळ टाकून द्यायचा का? मी चटणी केली, तिखट झाली जरा. त्याचं गावभर झालं, पंचफुलाच्या देवीनं नारळ घेतला. मग खालच्या आळीची गौरम्मा आली, ती उदगीरकडची, निम्मं कानडीत बोलती. तिला विचारायचं होतं बोअरला पाणी कुठं लागंल. मी म्हणलं, बाई, ही पाण्याच्या खात्यातली न्हाई, ही जहाजाच्या खात्यातली हाय. तिनं तरी पाच मिनटं डोळे मिटले. जाताना म्हणली, बरं वाटलं. आता बरं वाटलं म्हणणाऱ्या बाईला काय बोलावं.

मी सगळ्यांना सांगते, माझ्या नातीनं मनानं केलेली बाई हाय, खरी न्हाई. तर तारामती काय म्हणती, सगळ्याच कुणाच्या तरी मनातून आल्या असतील की. हुशार हाय ती, दिसत न्हाई.

सरजाबाई बी येऊन गेली. खुर्ची दिली तर बसली न्हाई, उभ्यानंच चहा घेतला. साखर विसरले होते मी, तरी कप रिकामा केला. भिंतीकडं बघितलं, गेली.

बाकी एक कळवायचं म्हणजे पौर्णिमेचा नंबर मी सोडला. चष्म्याची काडी मोडली. लातूरला कोण जाणार आता काडी बसवायला. त्या शिकलेल्या सुनांमधली महामाया वाचंल, तिचा आवाज गोड हाय आन ती बारावी हाय. आपण मागं बसून ऐकावं, वय झालं. तुझी वही पेटीत ठेवलीय, खराब होऊ नये म्हणून.

कोंबडीनं नऊ अंडी घातली. नागसेनला सांग आजीनं विचारलं.

पंचफुला

नांदेड, ९ ऑगस्ट २०२५

आजे,

तुला खोटं लिहिता येत नाही, निदान तेवढा सराव तरी अजून झालेला नाही. काडी मोडली, मग दोन पानं सरळ ओळीत कशी लिहिलीस?

बुद्धप्रियाताईनं फोन केला होता. ती तिथल्या शाळेत शिकवते, मंडळाच्या बैठकीलाही होती, तिला सगळं ठाऊक आहे. सरजाकाकू म्हणाल्या, ज्या घरात देवी बसली त्या घरच्या बाईनं ग्रंथाला हात लावायचा नाही. आणि तू, जी कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून अहमदपूरपर्यंत भांडतेस, ती एक शब्द बोलली नाहीस. उठून सगळ्यांचे कप गोळा केलेस म्हणे. ताईला तेच बघवलं नाही.

चूक माझी आहे. ते चित्र तिथल्या बायकांना कसं दिसेल याचा मी विचारच केला नाही. मी पुढच्या रविवारी येते. ते खाली काढते, फाडते, सरजाकाकूंच्या समोर फाडते. गोष्टीतून देवी हा शब्दच काढून टाकते, तिला नुसतं यंत्र करते. यंत्राला कुणी कुंकू लावत नाही. दसऱ्याला लावतात, पण ते एक दिवस.

आणि एक सांगायचं होतं, पुढं कधीतरी सांगणार होते. ते हात तुझे आहेत. लहानपणी मी बाजेवर पडून बघायचे. एका हातानं भाकरी, एका हातानं नागसेनचं नाक, एका हातानं कोंबडी हाकलणं, एका हातानं माझ्या पाठीत धपाटा. मोजले तेव्हा पंधरा भरले होते. म्हणून म्हणते, तुझ्या हातांपायी तुझा नंबर जाऊ देणार नाही.

विशाखा

चाकूर, १५ ऑगस्ट २०२५

विशाखे, जयभीम.

यायचं न्हाई. फाडायचं तर मुळीच न्हाई. परीक्षा सोडून इथं येऊन काय रडणार, ते मला एकटीला जमतं.

काडीचं खोटं होतं, कबूल; गावातल्या बायकांना बी तेच सांगत होते. चष्मा बरा हाय. बुद्धप्रियाला सांग, कप गोळा केले कारण मला तिथं काहीतरी करायला पाहिजे होतं.

पण सरजाबाईला वाईट म्हणू नको. तुला देव सोडणं म्हणजे काय ते माहीत न्हाई, तू जन्मलीस ती सुटलेलीच. मी पाच वर्षांची होते. माझ्या बापानं देव्हाऱ्यातले देवांचे टाक, शेंदूर लावलेला तांदळा, सगळं टोपल्यात भरलं आन नदीला नेलं. माझी चिंध्यांची बाहुली तिथंच देव्हाऱ्यात झोपवलेली असायची, ती बी गेली. मी चार दिवस रडले. गावातले लोक म्हणले, बघा, लेकराला देवांचं दुःख झालंय. बाप म्हणला, लेकराला बाहुलीचं दुःख झालंय. आईनं दुसरी करून दिली. पण सरजाबाईच्या सासऱ्यानं देव सोडले तर त्यांची विहीर बंद केली होती दोन वर्षं. दोन कोसावरून पाणी आणलंय त्यांच्या घरानं. तिला आमच्या दारात नारळ दिसला तर तिचं काय चुकलं? चुकलं ते एवढंच, मला विचारलं न्हाई.

तर मी विचार केला. चार दिवस वाकळ शिवत बसले होते, तुझ्या हॉस्टेलसाठी, थंडी पडायच्या आत. शिवताना ध्यानात आलं तुझी स्केपा काय करती. अगं ती शिवती. आधी काहीच न्हवतं म्हणजे काय, नुसते तुकडे होते, हिकडं एक काळोख, तिकडं एक काळोख. तिनं ते जोडले. तुमची ती पोकळी म्हणजे शिवायचं राहून गेलेलं भोक. लेकरं बर्फात कोंडली ना, तर भिंत तिचीच कातडी हाय म्हणतीस, मग आतून ती एकेक टाका घालून त्यांच्यावर पांघरूण सरकवत असणार. कप्तानाला काय कळतंय भिंतीत काय चाललंय. बाप्यांना घरातली वाकळ कुठून आली हे कधी कळलंय?

आन मग मी वही पेटीतून काढली आन शेवटच्या कोऱ्या पानावर थोडं लिहिलं. रागावू नको. तुझा तो धाकटा झ्यूस, कोंडायचा राहिलेला, तो शेवटी तिला शोधत येतो, तिथून पुढं. असं लिहिलंय.

झ्यूस आला. पाठीला वीज बांधली होती. त्यानं गुडघे टेकले आन हात जोडले. म्हणला, माय, माझ्या भावंडांना सोडीव. स्केपा म्हणली, हात जोडून बसलास तर टोक कोण धरंल. सोड ते हात. हे टोक धर, मी तिकडून उसवत येते.

एवढंच. लिहायला दोन दिवस लागले. ज्ञ आला न्हाई हे बरं.

आता ऐक. मी सरजाबाईच्या घरी गेले. म्हणलं, नंबर न्हाई दिलास तर न्हाई, मी काही अडून बसत न्हाई. पण ज्या बाईपायी काढलास ती बाई काय बोलती ते तरी ऐकून जा. चोवीस तारखेला, रविवारी, दुपारी, माझ्या घरी. मीच वाचणार. ती म्हणली, मी येणार न्हाई. मी म्हणलं, बरं. तारामतीला बी बोलावलंय, गौरम्माला बी. छाती धडधडून राहिलीय, पण ती जिना चढलं तरी धडधडती.

पंचफुला

नांदेड, २० ऑगस्ट २०२५

आजे,

तुझं पान चौदा वेळा वाचलं. मैत्रिणींना वाचून दाखवलं. त्या विचारतात, हे कुणी लिहिलं? मी म्हटलं, आमच्याकडच्या एका जुन्या लेखिकेनं. "सोड ते हात" एवढं सरांना दाखवलं तर त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, हे घ्या, आणि तुमचं मागचं सगळं याच्या मापानं पुन्हा बेता. म्हणजे माझी दोन महिन्यांची मेहनत तुझ्या सहा ओळींनी उसवली. आभारी आहे.

चोरू का हे? नाव तुझं देईन.

वाचताना घाई करू नकोस. जोडाक्षर आलं की आधी श्वास घे. आणि सरजाकाकू नाही आल्या तरी तू वाच.

विशाखा

चाकूर, २५ ऑगस्ट २०२५

विशाखे, जयभीम.

सरजाबाई पहिली आली. अजून सतरंजी झटकत होते. म्हणली, मी विहाराच्या किल्ल्या द्यायला चालले होते, वाटंत थांबले. किल्ल्या कुणाला द्यायच्या होत्या ते काही बोलली न्हाई, आन माझं घर विहाराच्या वाटंवर कधीपासून आलं ते मी बी विचारलं न्हाई. यावेळी साखर घातली, दोन चमचे.

मग महामाया, बुद्धप्रिया, गौरम्मा, आन शेवटी तारामती, हळदीकुंकवाची पुडी हातात घेऊन. एका भिंतीला आमच्या बायका, दुसऱ्या भिंतीला ह्या दोघी, मधी मी, आन वर ती कुंकू लावून सगळ्यांकडं बघून राहिली.

वाचलं. पहिल्या पानावर आवाज असा निघाला जसा पाट्यावर दगड. क्रोनसला मी दोनदा क्रोनास म्हणलं. सरजाबाई म्हणली, एक काहीतरी ठरव, मला चेहरा लक्षात ठेवायचाय. मग सुधरलं. लेकरं कोंडली तिथं महामाया बोलली, ह्यांची आई कुठं गेली होती? मी म्हणलं, हेच मी लिहून विचारलं होतं. गौरम्मा म्हणली, आई बी कोंडली असंल, सांगत न्हाईत पुस्तकात. त्यावर जरा वेळ सगळ्याच बोलून राहिल्या, कोण कुणाच्या घरात किती वर्षं कोंडली होती. मला दोन कप पाणी प्यायला मिळालं.

शेवटचं पान आलं. मी थांबले, तू सांगितलं तसा श्वास घेतला. "हात जोडून बसलास तर टोक कोण धरंल. सोड ते हात." वाचलं आन मान वर करायचा धीर झाला न्हाई. वहीकडंच बघत बसले.

सरजाबाई म्हणली, हे पान पोरीनं लिहिलंय का तू?

मी म्हणलं, हे माझं हाय.

म्हणली, दिसतंय. अक्षर मुंग्यांची वरात चालल्यागत हाय.

आन मग तारामती उठली. पुडी तशीच कमरेला खोचली. खिळ्याजवळ गेली, पदराचं टोक जिभेला लावलं, आन चित्रावरचं कुंकू पुसलं. जोरात न्हाई, लेकराचं तोंड पुसतात तसं. म्हणली, मी लावलं होतं, मीच परत घेते. हिला नको असंल तर आपण कशाला. आन बोटाला राहिलेलं कुंकू स्वतःच्या कपाळाला लावून बसली खाली. म्हणली, पंचफुलाबाई, ही माहूरची न्हाई हे मला आधी सांगायचं की.

मी म्हणलं, सांगितलं होतं, ग्रीकची हाय म्हणून.

म्हणली, मला वाटलं अहमदपूरच्या पुढं असंल कुठं.

विशाखे, सरजाबाई हसली. तिला हसताना मी शेवटचं तिच्या धाकट्याच्या लग्नात बघितलं होतं. हसली, मग हातातल्या किल्ल्या सतरंजीवर ठेवल्या. म्हणली, आमच्या घरात देवांचं टोपलं उचललं तवा कुणी धरायला आलं न्हवतं दुसरं टोक. एवढंच बोलली. कुणाला उद्देशून ते कळलं न्हाई. तारामती म्हणली, माझी सासू सांगायची तुमच्या विहिरीचं. ती चोरून घागर ठेवायची म्हणे बांधावर. सरजाबाई म्हणली, ठेवायची. पितळी होती. आम्ही ती घागर कुणाची ते कधी विचारलं न्हाई.

मग उठता उठता महामायाला म्हणली, तू पुढच्या पौर्णिमेला वाच. ह्या पौर्णिमेला ही वाचंल. तिच्या चष्म्याची काडी बसलेली दिसती. मी आत गेले, चहाला उकळी आली का बघायला. चहा तर केव्हाच पिऊन झाला होता. चुलीपुढं जरा उभी राहिले, तोंड धुतलं, आले बाहेर.

चित्र हाय तिथंच हाय. सरजाबाईनं जाताना हात मोजले. सोळा म्हणली. तुम्ही शिकलेल्यांनी एकदा येऊन मोजून द्या.

चोरायचं असंल तर चोर, पण नाव पंचफुला एवढंच घाल, आजी बिजी घालू नको, सरजाबाईला वाटंल मिरवून राहिली.

आता अडचण अशी हाय. वही तिथंच संपती. स्केपा उसवत निघाली, झ्यूसनं टोक धरलं, पुढं काहीच न्हाई. सरजाबाईनं उंबऱ्यात चप्पल घालता घालता विचारलं, मग ती लेकरं निघाली का बर्फातून? मी म्हणलं, नातीनं अजून काढली न्हाईत. तर मला म्हणती, असं कसं, बाहेर काढायचीत म्हणून बायकांना बोलावलंस आन लेकरं आतच? तारामती म्हणली, तोवर गारठून जातील बिचारी. गौरम्मा कानडीत काहीतरी बोलली, ते बी लेकरांबद्दलच असणार. तर आजच बस आन लिही, मोठ्या अक्षरात, क्रोनसला कमी आन स्केपाला जास्त. बुधवारच्या दुपारच्या गाडीला दे, कंडक्टरला आता आपलं घर माहीत हाय, हे पत्र बी त्याच्याच हाती धाडलंय. गणपती बसायचा दिवस हाय, गाडीला गर्दी राहील, त्याच्या हातात नीट दे. दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी, तारामतीचा उपास असतो, तरी ती येणार. सगळ्याच येणार. गुरुवारी, अठ्ठावीस तारखेला, तीन वाजता येतो म्हणून सांगून गेल्यात.

पंचफुला